वऱ्हाडातल्या जुन्या काचा, नवी स्टिरिओ कार्डे: एका वाचनालयाचे प्रकरण

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाला तिथल्याच एका जुन्या वाड्याच्या वारसांनी खाचा पाडलेली सागवानी पेटी दिली. पेटीत काचेच्या निगेटिव्ह उभ्या रचलेल्या होत्या आणि प्रत्येक काचेवर एकच दृश्य शेजारी-शेजारी दोनदा उमटलेले होते. वाड्यातल्या ज्या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत ही छायाचित्रे काढली त्यांचा जिनिंगचा (कापसातून सरकी वेगळी करण्याचा) व्यवसाय होता आणि कॅमेरा हा त्यांचा शौक होता, एवढे घरच्यांना ठाऊक होते. पेटीसोबत हातात धरून पाहायचा लाकडी स्टिरिओस्कोपही मिळाला, म्हणजे शेजारच्या दोन चित्रांतून खोली दाखवणारे भिंगांचे यंत्र. त्याची भिंगे शाबूत होती, मात्र त्यात लावायची छापील कार्डे वाळवीने संपवली होती. गावातल्या लोकांना आणि शाळेतल्या मुलांना शंभर वर्षांपूर्वीचा आपला पोळा, आपल्या विहिरी आणि आपला बाजार खोलीसह पाहता यावा, म्हणून वाचनालयाला या काचांवरून नवी कार्डे करून हवी होती.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका स्टुडिओने पहिला संच छापून दिला. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर त्याला नाव ठेवायला जागा नव्हती: काळे-पांढरे रंग स्वच्छ होते, ओरखडे पुसलेले होते, कडा नीट कापलेल्या होत्या. स्टिरिओस्कोपमध्ये घातल्यावर मात्र काही कार्डे सपाट दिसली, काहींनी लगेच डोळे दुखू लागले आणि काहींत पुढचे मागे व मागचे पुढे झाले. पोळ्याचे कार्ड पाहून एका वयस्कर सभासदांनी ग्रंथपालांना विचारले, “काऊन बा, निंबाचं झाड पुढं अन् बैल मांगं दिसून राह्यले?” निम्मे निदान या प्रश्नातच झाले होते. त्यानंतर ती पेटी आणि फसलेला संच तपासणीसाठी माझ्याकडे आला.

स्टुडिओच्या कामात आळस नव्हता. त्याने प्रत्येक काचेवरची दोन चित्रे दोन स्वतंत्र छायाचित्रे समजून जितकी देखणी करता येतील तितकी केली होती, आणि घोटाळ्याचे मूळ त्यातच होते. स्टिरिओ कार्डात जपायची गोष्ट म्हणजे त्या दोन चित्रांमधला बारीक फरक. एकेक चित्र सुटे घेऊन केलेली कोणतीही सुधारणा त्या फरकालाच धक्का लावते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या दोन किंचित वेगळ्या चित्रांतून खोलीचा भास होतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ च्या सुमारास भिंगांचा स्टिरिओस्कोप पुढे आणला, आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर घरोघरी त्याचे वेड पसरले. १८६१ च्या सुमारास अमेरिकेतील ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हातात धरायचा हलका, उघडा स्टिरिओस्कोप तयार केला. त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही, त्यामुळे तो कोणालाही बनवता आला. वाचनालयाच्या पेटीतला स्टिरिओस्कोप याच जातीचा आहे आणि त्यात बसणारे कार्ड साधारण ३.५ बाय ७ इंचांचे असते. पेटीतल्या काचा जिलेटिनचा थर दिलेल्या कोरड्या काचा आहेत आणि त्यांचे माप १७१ बाय ८३ मिलिमीटर, म्हणजे पावणेसात बाय सव्वातीन इंच आहे. ब्रिटिश बाजारात स्टिरिओ कॅमेऱ्यांसाठी याच मापाच्या काचा मिळत. त्यामुळे निगेटिव्ह आणि कार्डावरचे चित्र जवळजवळ एकाच आकाराचे होते, काच थेट कागदावर ठेवून छापता येत असे आणि मोठे करण्याची गरज पडत नसे.

डाव्या-उजव्याचा घोळ

भिंग चित्र उलटे पाडते हे सर्वांना माहीत असते. त्याचा स्टिरिओ काचेवर काय परिणाम होतो हे मात्र सहसा लक्षात येत नाही. स्टिरिओ कॅमेऱ्यात दोन भिंगे एकाच काचेवर दोन चित्रे पाडतात आणि प्रत्येक चित्र आपापल्या जागी उलटे पडते. चित्र सरळ पाहायचे म्हणून आपण काच अर्धा फेरा फिरवतो तेव्हा दोन्ही चित्रे सरळ होतात, पण डाव्या भिंगाचे चित्र उजवीकडे आणि उजव्या भिंगाचे डावीकडे जाते. ती काच तशीच छापली तर डाव्या डोळ्यापुढे उजव्या डोळ्याचे दृश्य येते आणि खोली आतबाहेर होते: जवळचा बैल दूर जातो, दूरचे झाड अंगावर येते. म्हणून जुने छायाचित्रकार छापलेला कागद मधोमध कापून दोन्ही भागांची अदलाबदल करत आणि मगच ते पुठ्ठ्यावर चिकटवत. ज्यांना एकाच काचेवरून पुष्कळ कार्डे काढायची असत, त्यांतले काही जण दर वेळची ही कटकट टाळण्यासाठी मूळ काचच कापून तिच्या तुकड्यांची अदलाबदल करत व काळ्या कागदी पट्टीने ते पुन्हा जोडत.

या पेटीत दोन्ही प्रकार होते. बहुतेक काचा अखंड होत्या. काही मात्र मध्ये कापून, फिरवून, पट्टीने बांधलेल्या होत्या, बहुधा ज्यांची कार्डे पाहुण्यांना आणि व्यापाऱ्यांना वाटली गेली त्या. स्टुडिओने आधी कशाचीच अदलाबदल केली नाही, त्यामुळे कापलेल्या काचांची कार्डे बरोबर आली आणि अखंड काचांची उलटी. तक्रार गेल्यावर त्याने सरसकट सगळ्यांची अदलाबदल केली. तेव्हा अखंड काचांची कार्डे सुधारली आणि आतापर्यंत बरोबर असलेली बिघडली. दोन्ही वेळचा संच वाचनालयात एकाच खोक्यात मिसळून ठेवलेला होता, त्यामुळे कोणाला काही सुधरेना.

त्याहून फसवा असा तिसरा प्रकारही निघाला. काही कार्डांत खोली अगदी बरोबर होती, तरी काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. जिनिंगच्या आवारातल्या एका दृश्यात गाडीशेजारी बसून हिशेब लिहिणारा मुनीम डाव्या हाताने लिहीत होता. एखादा मुनीम डावखुरा असू शकतो. पण शेजारच्या दृश्यात विळ्याने दोर कापणारा माणूस डावखुरा निघाला आणि त्यापुढच्यात पाणी वाढणाराही. अदलाबदल करण्याऐवजी तिथे प्रत्येक अर्धे चित्र जागच्या जागी आरशासारखे फिरवले गेले होते. तसे केल्यानेही खोली सुधारते, कारण आरशातल्या जगासाठी डावा-उजवा डोळा बदलतो. पण मग अख्खे गावच आरशातले होऊन बसते. ज्या दृश्यात पाटी किंवा अक्षरे नाहीत, तिथे ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येणार नाही, आणि उद्या एखाद्या अभ्यासकाने त्या कार्डावरून विहिरीची किंवा वेशीची जागा ठरवली तर ती चुकेल.

म्हणून प्रत्येक काचेचा निर्णय वेगळा घेतला, आणि त्यासाठी दोन कसोट्या लावल्या. पहिली कसोटी काचेच्या कडांची. कॅमेऱ्यात काच धरणाऱ्या चौकटीच्या ओठाखाली प्रकाश पोहोचत नाही, त्यामुळे काचेच्या बाहेरच्या कडांना पारदर्शक, रेखीव पट्टी राहते. याउलट दोन चित्रांमधल्या पडद्याची कड काचेवर धूसर उमटते. अखंड काचेत रेखीव पट्ट्या दोन टोकांना आणि धूसर कड मधोमध असते. तुकड्यांची अदलाबदल झालेल्या काचेत हे उलटे होते: रेखीव पट्ट्या मध्ये एकमेकींना भिडतात आणि धूसर कडा बाहेर जातात. कागदी पट्टी नसली किंवा नंतर कोणी दुसरी लावली असली, तरी ही खूण खोटे बोलत नाही.

दुसरी कसोटी चित्रातल्या वस्तूंची. डोळ्यांपुढे बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटून पाहावे: डाव्या डोळ्याला बोट मागच्या भिंतीच्या मानाने उजवीकडे दिसते आणि उजव्या डोळ्याला डावीकडे. पोळ्याच्या काचेवर पहिल्या बैलाचे शिंग आणि मागच्या निंबाचे खोड यांच्यातले अंतर दोन्ही चित्रांत मोजले. ज्या चित्रात शिंग खोडाच्या मानाने अधिक उजवीकडे सरकलेले होते ते डाव्या डोळ्याचे. शेवटी येणारी लोणारची एक काच सोडली, तर दोन्ही कसोट्यांचे उत्तर जुळल्याशिवाय काच पुढे पाठवली नाही. काचेवर पेनने काही न लिहिता सगळी नोंद बाहेरच्या पाकिटावर शिसपेन्सिलीने केली, कारण जुन्या पाकिटांवर मूळ छायाचित्रकाराच्या हातच्या मोडी नोंदी होत्या आणि ती पाकिटेही पेटीइतकीच मोलाची आहेत.

काचेवरून संगणकात

काच हाताळण्याबाबत फार लिहीत नाही. सुती हातमोज्यांनी काच निसटते म्हणून पातळ नायट्राइलचे मोजे वापरावेत, थराच्या बाजूला फक्त हवेच्या फुग्याने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवावी आणि नुसत्या काचेच्या बाजूलाच ऊर्ध्वपातित पाण्याने किंचित ओलसर केलेला कापूस लावावा, एवढे पुरे. विदर्भापुरती एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जिलेटिन सुकून आकसते. पुढे पावसाळ्याच्या दमट हवेत ते पाणी धरून फुगते. काच मात्र फुगत नाही, आकसत नाही. वर्षानुवर्षे हा ओढाताणीचा खेळ चालला की थर कडेपासून सुटून वर उचलला जातो. पेटीतल्या भिंतीकडच्या काचांचे हेच झाले होते, आणि सुटलेल्या थरावर ब्रशसुद्धा न फिरवता त्या काचा तशाच टिपल्या.

टिपताना काच प्रकाशपाटीवर ठेवून वरून कॅमेऱ्याने घेतली. थराची बाजू कॅमेऱ्याकडे ठेवली, म्हणजे काचेच्या जाडीतून पाहावे लागत नाही. अशा वेळी चित्र आरशातल्यासारखे येते आणि नंतर ते संपूर्ण जोडचित्र एकत्रच फिरवून घ्यावे लागते. इथेच स्टुडिओचा पाय घसरला असावा. काचेभोवतीचा उघडा प्रकाश काळ्या कागदाने झाकला, कारण तो भिंगात शिरला तर काळ्या भागांवर धुके येते. दोन्ही अर्ध्या चित्रांना एकच प्रकाश, एकच उघडझाप, एकच फोकस ठेवला आणि कॅमेऱ्याचे स्वयंचलित सर्व काही बंद केले. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने अख्खी काच एका चौकटीत घेतली तर इंचाला साधारण ८९० ठिपके मिळतात, आणि कार्ड छापायला ते भरपूर आहेत. जतनाच्या प्रतीसाठी मात्र प्रत्येक अर्धे स्वतंत्र घेतले, ज्यात ठिपके १२०० च्या वर जातात. अर्धे-अर्धे घेताना काच पट्टीला टेकवून सरळ सरकवायची, कॅमेरा हलवायचा नाही, आणि छताचा पंखा बंद ठेवायचा. दुपारच्या उकाड्यात हे शेवटचे कलम पाळणे सगळ्यात जड गेले, म्हणून बरेच काम संध्याकाळी, इन्व्हर्टरच्या भरवशावर केले.

कापसाचा ढीग आणि रंगवलेली शिंगे

जिनिंगच्या आवारातल्या काचांनी वेगळाच प्रश्न उभा केला. उन्हातला कापसाचा ढीग निगेटिव्हवर इतका दाट काळा होता की स्टुडिओच्या कार्डात तो पांढऱ्या कागदासारखा कोरा आला होता, आणि तो उजळ झाला म्हणून बाकीचे आवार अंधारात गेले होते. ही काच बिघडलेली नव्हती. त्या काळच्या निगेटिव्ह उन्हात छापायच्या कागदासाठी केलेल्या असत. त्या कागदाचा जो भाग आधी काळा पडतो तो काळा थर स्वतःच पुढचा प्रकाश अडवतो, त्यामुळे सावल्या थांबतात आणि मधल्या वेळेत दाट भागांतून प्रकाश झिरपत राहतो. आजच्या कागदाच्या मानाने तो कितीतरी अधिक घनतेची निगेटिव्ह पचवतो. म्हणून ही काच दोन वेगवेगळ्या प्रकाशमात्रांनी टिपून एकत्र केली, आणि ढिगातली बोंडाबोंडांची वाटोळी उंचवट आली, पाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईचा पाय त्यात घोट्यापर्यंत रुतलेला दिसला. प्रकाशमात्रा जोडण्याचे हे काम दोन्ही अर्ध्या चित्रांवर एकाच आकड्यांनी केले. एका बाजूचा ढीग थोडा जरी अधिक उजळ राहिला, तर स्टिरिओस्कोपमध्ये तो ढीग चमकत, लुकलुकत राहतो, कारण दोन डोळ्यांना मिळणारी पांढऱ्याची पातळी जुळत नाही.

पोळ्याच्या चित्रांत बैलांची शिंगे काळीभोर दिसतात आणि आकाश कोरे पांढरे. वाचनालयाच्या समितीतल्या एका सदस्यांनी शिंगे उजळ करून आकाशात थोडे ढग घालावेत असे सुचवले. लाल हिंगुळाने रंगवलेली शिंगे आणि त्यांवरचे बेगड काळे दिसावे हे त्यांना पटत नव्हते. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असत, म्हणून लाल ते काळे आणि निळे आकाश ते पांढरे. तो त्या काचेचा स्वभाव आहे आणि तो तसाच छापावा, असे मी आग्रहाने सांगितले व समितीने ते मान्य केले. कार्डाच्या मागे दोन ओळींत ही गोष्ट लिहिली, म्हणजे झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणणाऱ्या गावकऱ्यांना आपल्या बैलांची शिंगे काळी का, हे कळेल. ढग तर घालता येणारच नव्हते. एकच ढग दोन्ही चित्रांत जसाच्या तसा चिकटवला, तर त्याची खोली त्याच्या जागेवरून ठरते आणि तो निंबाच्या शेंड्यापुढे येऊन लटकतो.

तरंगणारे डाग

स्टुडिओने केलेल्या कामातला सगळ्यात मोठा वेळ डाग पुसण्यात गेला असणार, आणि सगळ्यात मोठे नुकसानही त्यातूनच झाले. काचेवरचा धुळीचा कण किंवा बुरशीचा ठिपका एकाच अर्ध्यावर असतो. तो न पुसता छापला, तर एका डोळ्याला दिसतो आणि दुसऱ्याला दिसत नाही; डोळे त्याला कुठे ठेवावे हे ठरवू शकत नाहीत आणि तो धुकट, हलता भासतो. हे खटकते, म्हणून पुसण्याचा मोह होतो. संगणकाचे दुरुस्तीचे साधन डागाशेजारचा पोत उचलून डागावर चिकटवते, आणि इथे मेख आहे. विहिरीच्या दगडी बांधकामावरचा डाग एका चित्रात शेजारच्या दगडाचा पोत वापरून पुसला की त्या जागी दुसऱ्या चित्राशी न जुळणारा दगड येतो. एकटे चित्र पाहिले तर कोणाला कळणार नाही. भिंगातून पाहिले की तो दगड भिंतीच्या बाहेर येतो किंवा आत खड्डा होऊन बसतो. मोटेच्या विहिरीच्या कार्डात अशा खड्ड्यांनी विहिरीचा काठ अगदी कुरतडल्यासारखा दिसत होता. मोटेचा नाडा मध्येच तुटून पुन्हा दुसऱ्या खोलीवर सुरू होत होता.

यावर काटेकोर नियम केला. आकाश, दूरची टेकडी, उन्हातली मोकळी जमीन अशा पोत नसलेल्या भागांतले डाग नेहमीसारखे पुसायचे. पोत असलेल्या भागात डाग असेल, तर दुसऱ्या अर्ध्या चित्रातली तीच जागा शोधून, तो तुकडा त्या खोलीला शोभेल एवढा सरकवून बसवायचा, आणि तो किती सरकवला याची नोंद ठेवायची. नाक, डोळे, अक्षरे, बैलाचा गोंडा, दोर यांच्यावर डाग असेल तर हात लावायचा नाही. डाग दिसला तरी चालेल, कारण त्या ठिकाणी खोटी खोली करण्यापेक्षा खरा डाग पत्करावा. हा नियम कडक आहे आणि त्यामुळे छापलेली कार्डे थोडी ठिपकेदार राहिली. मला ती तशीच अधिक आवडतात, पण वाचनालयालाही ते पटवून द्यावे लागले. नव्या छपाईत डाग म्हणजे हलगर्जीपणा असे सर्वसाधारण मत असते, आणि ते स्टुडिओच्या व्यवसायात खरेही आहे.

कापणी, पुठ्ठा आणि पाहण्याचे यंत्र

स्टुडिओने प्रत्येक अर्धे चित्र मुख्य वस्तू बरोबर मध्यभागी येईल असे कापले होते. दिसायला नेटके, परंतु त्यामुळे कार्डाची चौकट आणि दृश्य यांचे नाते तुटते. स्टिरिओ कार्डाची चौकट डोळ्यांना खिडकीसारखी वाटते आणि दृश्य त्या खिडकीच्या पलीकडे असले की डोळा स्वस्थ राहतो. त्यासाठी डाव्या चित्रात उजवीकडची बाजू थोडी अधिक आणि उजव्या चित्रात डावीकडची बाजू थोडी अधिक ठेवावी लागते. पोळ्याच्या कार्डात पुढच्या बैलाचे तोंड चौकटीने कापलेले होते आणि तरीही ते खिडकीच्या बाहेर डोकावत होते. कापलेली वस्तू कापणाऱ्या कडेच्या पुढे कशी येईल, हे डोळ्याला न पटून तो दमत होता. त्या बैलाच्या नाकाचे दोन चित्रांतले अंतर मागच्या झाडाच्या अंतरापेक्षा ३ मिलिमीटरच्या आसपास कमी भरत होते; नव्या कापणीत खिडकी बैलाच्याही अलीकडे आणली. दोन चित्रांची उंची जुळवणे याहून महत्त्वाचे आहे: आडवी सरक डोळे खोली म्हणून वाचतात, उभी सरक मात्र वाचता येत नाही आणि तिचा नुसता ताण होतो. जुळवणीसाठी मासुजी सुतो यांचा स्टिरिओफोटो मेकर हा मोफत प्रोग्राम वापरला. तो उभी सरक आणि तिरकेपणा चटकन दाखवतो, पण कापणीचा निर्णय त्याच्यावर सोडू नये.

कागद गुळगुळीत घ्यावा. छायाचित्रांच्या दुकानात मिळणारा खडबडीत पोताचा कागद एरवी छान दिसतो, पण इथे त्याचे दाणे दोन्ही बाजूंना वेगवेगळे असल्याने चित्रावर पडदा टाकल्यासारखे दिसते. पुठ्ठ्यावर चिकटवायला मैद्याची पातळ खळ वापरली आणि जुन्या कार्डांप्रमाणे पुठ्ठ्याला हलका बाक दिला. कागद ओला होऊन एका दिशेने अधिक ताणतो, म्हणून दोन्ही अर्धी एकाच तावावर, एकाच दिशेने छापली.

शाळेसाठी आणखी यंत्रे हवी होती. गावातल्या सुताराने जुन्या यंत्रावरून सागवानाचे सुंदर सांगाडे करून दिले, आणि समितीने त्यांत साधी गोल भिंगे बसवून घेतली. त्यांतून चित्रे एकत्र येईनात. माणसाच्या डोळ्यांतले अंतर साधारण ६५ मिलिमीटर असते आणि कार्डावरच्या दोन चित्रांच्या मध्यांतले अंतर ३ इंचांच्या आसपास, म्हणजे ७६ मिलिमीटर. हा फरक मिटवायला होम्सच्या यंत्रात अर्धी भिंगे जाड कड बाहेरच्या बाजूला ठेवून बसवलेली असतात. ती किरण वळवतात आणि डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावे लागत नाही. तालुक्याच्या चष्मेवाल्याने मोठी भिंगे मधोमध कापून दिली तेव्हा तेच सांगाडे चालू लागले.

प्रत्येक कार्डाच्या मागे ‘मूळ काचेवरून नवमुद्रण’ असे ठळक छापले, सोबत वर्ष आणि काचेचा क्रमांकही. जुन्या स्टिरिओ कार्डांची खरेदी-विक्री चालते, आणि उन्हात पिवळे पडलेले नवे कार्ड पन्नास वर्षांनी कोणाला जुने म्हणून खपवता येता कामा नये. काचेची मालकी आणि छायाचित्राचा हक्क या कायद्याने वेगळ्या गोष्टी असल्यामुळे वारसांकडून दोन्हींबाबत स्वतंत्र लेखी संमती घेतली.

लोणारची काच

राहिली ती लोणारची काच. सरोवराच्या काठावरून घेतलेली दोन दृश्ये पेटीत होती. पहिल्यात छायाचित्रकाराने बाभळीची फांदी आणि काठीवर टेकलेला एक माणूस पुढे घेतला होता, आणि तसे करण्यामागे जाणकारी होती: विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, आणि सात-आठ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन भिंगांना इतक्या दूरच्या काठात फरक असा दिसतच नाही. खोली दिसायची तर जवळचे काहीतरी हवे. स्टुडिओने सरोवर नीट दिसावे म्हणून नेमकी ती फांदीच कापून टाकली होती. ती परत आणताच विवर खोल उतरले.

दुसऱ्या दृश्यात पुढे काहीच नव्हते. काच कापलेली होती, पट्टी गळून गेली होती, दोन सुटे तुकडे एका पाकिटात होते आणि वस्तूंची कसोटी इथे चालेना, कारण सरकलेले असे काही दिसतच नव्हते. समितीतल्या तरुण सदस्यांनी संगणकाकडून खोली तयार करून घेता येईल असे सुचवले. ते आता सहज होते, पण त्यातून दिसणारी खोली लोणारची नसते, प्रोग्रामच्या अंदाजाची असते; म्हणून ते केले नाही. कडांनी मात्र उत्तर दिले. एका तुकड्याला उजवीकडे धूसर कड आणि डावीकडे रेखीव पट्टी होती, म्हणजे चित्र सरळ धरल्यावर तो अखंड काचेत डावीकडे होता, अर्थात उजव्या डोळ्याचा. त्याप्रमाणे तो कार्डात उजवीकडे लावला. हे कार्ड जवळजवळ सपाट दिसते आणि संचात ते पहिल्या लोणारच्या कार्डानंतर ठेवले आहे, म्हणजे पाहणाऱ्याला बाभळीच्या फांदीचे काम आपोआप कळते. मूळ काचा आता चार पाकळ्यांच्या आम्लमुक्त पाकिटांत, लांब कडेवर उभ्या, वाचनालयाच्या आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात आहेत. फुटक्या आणि थर सुटलेल्या तेवढ्या आडव्या ठेवल्या आहेत, आणि त्यांची जतनाची प्रत वाड्याच्या वारसांकडेही दिली आहे.